नागपूरच्या बागेत बारा महिने हिरवी राहणारी देशी झाडं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात खरंच बारा महिने हिरवी राहणारी देशी झाडं आहेत का? आपल्याकडचं जंगल तर मार्चमध्येच उघडं पडतं.

आहेत. पण ती शोधायची जागा वेगळी आहे. नागपूरच्या आसपासचं जंगल शुष्क पानगळीचं. साग, पळस, सालई, मोई, धावडा यांचं. उन्हाळ्यात पाणी वाचवण्यासाठी ही झाडं पानं टाकून मोकळी होतात. याच जंगलातल्या एखाद्या नाल्याच्या काठाने मे महिन्यात चाललात, तर दोन्ही बाजूंचे उतार करडे आणि मधे हिरवा पट्टा दिसतो. जांभूळ, करंज, उंबर, अर्जुन, मधूनच आंबा. आपली निवड याच पट्ट्यातून करायची.

नागपूरचं हवामान दोन्ही टोकांनी कठोर आहे. २३ मे २०१३ रोजी शहरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि डिसेंबर २०१८च्या अखेरीस पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला. पाऊस वर्षाला साधारण हजार ते बाराशे मिलिमीटर, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून कोकणातली किंवा बंगळुरूची ‘सदाहरित झाडांची यादी’ इथे जशीच्या तशी चालत नाही. तिथे नुसतं हिरवं राहणं पुरतं. इथे नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हिरवं राहावं लागतं.

कडुनिंबाची पानं तर गळतात. मग तो बारमाही हिरव्या झाडांत कसा धरायचा?

पानं गळतात का, यापेक्षा कधी गळतात आणि नवी किती दिवसांत येतात हे पाहा. कडुनिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो. गुढीपाडव्याला आपण तोडतो ती कोवळी तांबूस पालवी असते, आणि एप्रिलमध्ये झाड भरून फुलावर येतं. करंजाचंही तसंच. मार्चच्या सुमारास थोडे दिवस विरळ दिसतो आणि मग अशी पोपटी, चकचकीत पालवी फुटते की ऐन उन्हाळ्यात सगळ्या रस्त्यावर तोच एक ताजा दिसतो. कुसुमाचं नवं पान तर लालभडक येतं.

याउलट साग उन्हाळाभर काठ्या घेऊन उभा असतो. आपल्याला सावली हवी असते एप्रिल-मेमध्ये. त्या दोन महिन्यांत ज्याच्या अंगावर पान आहे ते झाड नागपूरकरासाठी हिरवंच. पुस्तकात त्याला निमसदाहरित म्हटलं असेल तरी अडून बसू नका.

बेलाबद्दल मात्र सावध राहा. देवाचं झाड म्हणून जरूर लावा, पण आडोशासाठी नको. उन्हाळ्याच्या ऐन तोंडावर तो बराच उघडा होतो.

देशी कुणाला म्हणायचं? गुलमोहर, चिंच, उंच अशोक यांचं काय?

गुलमोहर मादागास्करचा, रेन ट्री आणि सुबाभूळ अमेरिका खंडातले. यात वाद नाही. चिंच मूळची आफ्रिकेतली मानतात, पण ती इतक्या जुन्या काळापासून इथे रुजली आहे आणि पाखरांनी, माणसांनी तिला इतकं आपलं केलं आहे की मोठी जागा असेल तर मी चिंच लावायला कधीच नाही म्हणत नाही. सिमेंटच्या भिंतीला लागून सरळ उंच वाढणारा, लोक ज्याला नुसता ‘अशोक’ म्हणतात, तो मूळचा दक्षिण भारत आणि श्रीलंकेकडचा. बारमाही हिरवा आहे, जागा कमी घेतो, धूळही अडवतो. पण सावली देत नाही. ज्याच्या खाली खाट टाकता येत नाही असं झाड अंगणात का लावायचं, हा माझा साधा प्रश्न असतो.

मी देशी मोजताना तीन घरं करतो. पहिलं विदर्भातल्या रानात आपोआप उगवणारं: करंज, जांभूळ, कडुनिंब, उंबर, करवंद. दुसरं भारतातल्याच दुसऱ्या प्रदेशातलं, पण इथे निभावणारं: बकुळ, तगर, सीता अशोक. तिसरं बाहेरचं. निवड पहिल्यापासून सुरू करायची आणि काही विशेष कारण असेल तरच दुसऱ्याकडे जायचं.

आमचा प्लॉट तीस बाय पन्नासचा. घर बांधून समोर एखाद्याच झाडाची जागा उरते. कोणतं लावू?

नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लेआउटमध्ये राहणाऱ्या निम्म्या लोकांचा हाच प्रश्न असतो. त्यामुळे याचं उत्तर सविस्तर देतो.

समोर जेमतेम आठ-दहा फूट जागा असेल तर बकुळ. सावकाश वाढतो, घेर आटोपशीर राहतो, पान जाड आणि गर्द. मे महिन्यात धूळ बसून काळपट दिसला तर पाइपने एकदा धुऊन काढा, पुन्हा चमकतो. फुलं चांदणीएवढी, गळून पडल्यावरही वास धरून ठेवतात. पहिली तीन-चार वर्षं मात्र धीर धरावा लागतो.

दुसरा पर्याय पुत्रंजीव. हा फार कमी लोकांना माहीत आहे आणि याचं मला वाईट वाटतं. लोंबत्या फांद्या, बारीक गर्द पानं, बारा महिने हिरवा आणि अर्ध्या सावलीतही खूश. शेजारच्या दुमजली घराची सावली पडते अशा उत्तरेकडच्या अंगणात याच्यासारखं दुसरं झाड नाही.

जागा थोडी जास्त, बारा-पंधरा फूट असेल, घराला पश्चिमेचं ऊन लागत असेल आणि सावली लवकर हवी असेल, तर करंज. पाच-सहा वर्षांत पडवीवर सावली धरतो. शेंगवर्गीय असल्यामुळे मुळांवरच्या गाठींतून जमिनीला नत्र देतो. खाली फुलांचा आणि शेंगांचा सडा पडेल, तो झाडून झाडाच्याच बुडाशी टाकायचा. करंजाच्या बिया खाण्याच्या नाहीत, लहान मुलांना तेवढं सांगून ठेवा.

वड, पिंपळ, उंबर आठ-दहा फुटांत लावू नका. ही झाडं भिंत आणि टाकी दोन्ही शोधत जातात. जांभूळही गाडीच्या जागेवर नको. जूनमध्ये फळ पिकलं की बॉनेट, फरशी, कपडे सगळं जांभळं होतं.

जागा भरपूर आहे, बेसा-हिंगण्याकडे फार्महाऊसचा तुकडा आहे. मग?

मग खिरणी लावा! एरवी मी शांतपणे सल्ला देतो, पण खिरणीचा विषय निघाला की आग्रह करतो. हिला रायण किंवा रांजणही म्हणतात. कोरड्या प्रदेशातलं खरंखुरं सदाहरित झाड, पान जाड आणि चिवट, एकदा धरलं की उन्हाळ्याचं पाणी मागत नाही. फळ पिवळं, बोटाच्या पेराएवढं, उन्हाळ्यात पिकतं, गोड आणि थोडं चिकट. वाढ अगदी हळू, म्हणून कुणी लावत नाही आणि म्हणून जुनी झाडं गेली की त्यांच्या जागी नवी दिसत नाहीत.

रोप मिळायची एक वाट सांगतो. चिकूची कलमं खिरणीच्या खुंटावर बांधतात. त्यामुळे कलमं करणाऱ्या रोपवाटिकेत खिरणीची रोपं असतातच. फक्त ‘बिना कलमाची खिरणी द्या’ असं स्पष्ट सांगावं लागतं.

खिरणीसोबत दोन जांभळं, नाल्याकडच्या बाजूला एक अर्जुन, एक गावरान आंबा आणि विहिरीपासून बऱ्यापैकी दूर एक उंबर. उंबरावर हरियाल येतात, तो आपला राज्यपक्षी. एक पळसही राहू द्या. तो हिरवा राहत नाही, पण फेब्रुवारीत पळस न फुलणारी विदर्भातली जमीन मला ओकीबोकी वाटते.

सीता अशोक लावला, पण दर एप्रिलमध्ये पानं कडेने करपतात.

सीता अशोक ओलसर, झाडीच्या आडोशाला वाढणारं झाड आहे. रानात त्याची संख्या इतकी घटली आहे की जागतिक पातळीवर त्याची नोंद संकटप्रवण प्रजातींत झाली आहे. त्यामुळे लावलात हे उत्तम. पण नागपूरची लू त्याला सोसत नाही. घराच्या पूर्वेला, दुपारी एकनंतर सावली पडेल अशा ठिकाणी त्याला जागा द्या. लावून झाला असेल तर पश्चिमेच्या बाजूला अडुळशाची दाट रांग उभी करा. करपलेली पानं तोडत बसू नका, पावसात नवी येतात.

कुंपणाला काय लावावं? गुरं-शेळ्या सगळं खाऊन टाकतात.

अडुळसा. जनावर तोंड लावत नाही. पावसाळ्यात वीतभर जाडसर फांदी खोचली की फुटते, पैसे लागत नाहीत. बारा महिने हिरवा, थंडीत पांढरी फुलं, त्यावर शिंजीर आणि काळे भुंगे दिवसभर.

माणसं-जनावरं दोन्ही अडवायची असतील तर करवंद. काटे दुहेरी आणि खरेच टोचणारे, पान चकचकीत, फुलं पांढरी सुवासिक, उन्हाळ्याच्या शेवटी फळ. दोन-दोन फुटांवर लावा आणि पहिली दोन वर्षं पावसाळ्यात शेंडे खुडा म्हणजे बुडापासून दाट होतं. खुडलं नाही तर वर पसरतं आणि खालून कुत्री ये-जा करतात.

फुलांसाठी तगर. तिचा चीक पोटात जाऊ देऊ नये. कण्हेर सर्वांत चिवट, म्हणून तर रस्त्याच्या दुभाजकांवर तीच दिसते, पण तिचा प्रत्येक भाग विषारी आहे. रांगतं मूल किंवा मोकळी गाय असलेल्या घरी मी ती सांगत नाही.

कुंतीचं कुंपण सुंदर दिसतं. ते का नको म्हणता?

सगळ्यांना नाही म्हणत. शहराच्या मध्यात, धरमपेठ-रामदासपेठेत राहत असाल तर लावा. गर्द पान, पावसात घमघमाट, छाटणी सोसते. पण काटोल, नरखेड, कळमेश्वर या पट्ट्यात घर असेल किंवा जवळ कुणाची संत्र्याची बाग असेल, तर टाळा. कुंती संत्र्याच्याच कुळातली आहे. सिट्रस सायला नावाची बारीक कीड कुंतीच्या आणि कढीपत्त्याच्या कोवळ्या पालवीवर आवडीने वाढते आणि हीच कीड संत्र्यात ग्रीनिंग रोग पसरवते. ग्रीनिंग लागलेल्या झाडाला उपाय नाही, ते काढून टाकावं लागतं. वारंवार छाटलेल्या कुंपणाला सतत कोवळी फूट येते, म्हणजे किडीला वर्षभर खाणं मिळतं. शेजाऱ्याचं वर्षाचं उत्पन्न त्या झाडांवर असतं. तिथे करवंद किंवा अडुळसाच लावावा.

आमच्याकडे भेगाळणारी काळी माती आहे. रोपं पावसाळ्यात सडतात नाही तर उन्हाळ्यात वाळतात.

दोन्हीचं मूळ एकच. काळी माती ओली झाली की फुगते, हवा कोंडते. वाळली की आकसते, भेग पडते आणि त्या भेगेत कोवळी मुळं तुटतात, उरलेली उघडी पडून सुकतात.

बरेच माळी तीन फूट खड्डा खणून त्यात लाल माती, रेती आणि शेणखत भरून देतात. दिसायला छान, पण भोवतालची काळी माती पाणी लवकर मुरू देत नाही. पावसाळ्यात तो खड्डा भरलेल्या टाक्यासारखा होतो आणि रोप त्यात आठवडाभर बुडून राहतं. त्याऐवजी खड्डा दीड-दोन फुटांचाच करा, निघालेल्या मातीतच एक भाग कुजलेलं शेणखत आणि थोडा मुरूम मिसळा, आणि रोप जमिनीपेक्षा पाच-सहा इंच उंच उंचवट्यावर लावा. पावसाचं पाणी बाजूला उतरतं.

दिवाळीनंतर बुडाभोवती चार इंच जाड पालापाचोळा अंथरा, खोडापासून चार बोटं सोडून. खोडाला चिकटवला तर वाळवी चढते. भेग दिसली की त्यात कोरडी माती आणि खत ढकलून वरची दोन इंच माती हलवा. थंडीत गल्लोगल्ली पाला जाळतात तो पोत्यात भरून आणा. मे महिन्यात त्याची किंमत कळते.

पानं पिवळी पडली, पण शिरा हिरव्याच आहेत. खत कमी पडलं का?

खत नाही, लोह. आपल्या मातीत चुनखडी जास्त, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही. एक्झोरा, गुलाब, लिंबू यांत हे लगेच दिसतं, कारण नव्या पानांपासून सुरुवात होते. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर कारण वेगळं, बहुधा नत्राची कमतरता किंवा साचलेलं पाणी.

तात्पुरता उपाय म्हणून फेरस सल्फेट लिटरला पाच ग्रॅम आणि त्यात थोडा लिंबाचा रस घालून संध्याकाळी पानांवर फवारा. मातीतून द्यायचं असेल तर दुकानात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह मागा. साधं ईडीटीए आपल्या चुनखडीच्या मातीत फार टिकत नाही. करंज आणि कडुनिंबाला हा त्रास जवळपास होत नाही.

कुलरची टाकी रिकामी करताना ते पाणी झाडांना घालतो. चालेल ना?

नको. कुलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. रोज वरून नवं पाणी भरतो, म्हणजे क्षार साठतच जातात. टाकीच्या कडेला आणि ताट्यांवर जो पांढरा थर चढतो तोच हा. बोअरचं पाणी असेल तर आणखी जास्त. हे पाणी उन्हाळाभर एकाच रोपाला घातलं की पानांच्या कडा तपकिरी होऊ लागतात आणि माणूस समजतो उन्हाने करपलं, म्हणून अजून पाणी घालतो. आरओच्या यंत्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचंही तेच.

एक झाड मात्र हे पाणी आनंदाने घेतं: वाळा. ज्याच्या मुळांच्या ताट्या आपण कुलरला लावायचो, तेच हे गवत. क्षार सोसतं, पाणी मिळालं की उन्हाळ्यातही हिरवं राहतं, मुळं खूप खोल जातात आणि माती धरून ठेवतात. कुलरचं पाणी जिथे सोडता तिथेच वाळ्याचे चार-पाच ठोंब लावा. नेहमीच्या झाडांना नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी.

उन्हाळ्यात किती पाणी द्यायचं?

रोज शिंपडण्यापेक्षा तीन-चार दिवसांतून एकदा पोटभर. पहिल्या उन्हाळ्यात दीड-दोन फुटांच्या रोपाला एका वेळी दहा लिटर ठीक. बोट चार इंच मातीत घालून पाहा, ओल लागली तर आज नको. पहाटे किंवा दिवे लागल्यावर. गावाला जाणार असाल तर बुडाला छिद्र पाडून वात घातलेला माठ रोपाशेजारी पुरा आणि झाकण ठेवा. पहिल्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या बाजूला हिरवी जाळी किंवा तुराट्यांचा आडोसा करा. देशी झाडालाही दोन उन्हाळे सांभाळावं लागतं, तिसऱ्यापासून बहुतेक झाडं आपली आपण उभी राहतात.

मोठं, आठ-दहा फुटांचं रोप आणलं तर लवकर हिरवं होईल ना?

नाही. पिशवीत वर्षानुवर्षं राहिलेल्या रोपाची मुळं गोल गोल गुंडाळलेली असतात, जमिनीत गेल्यावरही ती तशीच फिरत राहतात आणि वादळात झाड मुळासकट आडवं होतं. दीड-दोन फुटांचं, सरळ शेंड्याचं रोप घ्या. दोन चांगले पाऊस झाल्यावर, जूनअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत लावा.

कोनोकार्पस? सगळ्या नव्या सोसायट्यांत तेच आहे.

लवकर वाढतं, वर्षभर हिरवं, म्हणून बिल्डरला आवडतं. ते आफ्रिका-अरबस्तानाकडचं झाड आहे. मुळं नाल्या आणि पाइपलाइनमध्ये शिरतात, परागकणांचा त्रास होतो अशा तक्रारी आहेत. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. त्याच जागेवर करंजाची रांग लावा, दोन वर्षं उशिरा का होईना, त्याहून थंड सावली मिळते.

सप्तपर्णीबद्दलही विचारतात. ती देशी आहे, सदाहरित आहे. पण ऑक्टोबरमध्ये तिच्या फुलांचा रात्रीचा उग्र वास काहींना सहन होत नाही. मैदानाच्या कडेला चालेल, झोपायच्या खोलीच्या खिडकीशी नको.

फ्लॅट आहे, पश्चिमेची बाल्कनी. काय टिकेल?

तगर, अडुळसा, कोरांटी, आणि सावलीच्या कोपऱ्यात चित्रक. कुंडी किमान चौदा इंचाची, काळी प्लास्टिकची नको, ती तापून मुळं शिजतात. मातीची कुंडी पोत्याने गुंडाळली तर आणखी बरं. कढीपत्ता लावा, पण थंडीत पानं टाकतो, घाबरून पाणी वाढवू नका. गुळवेलही हिवाळ्यात उघडी होते, खोड हिरवं आहे तोवर ती जिवंत आहे.

लॉन हिरवं ठेवता येईल?

येईल, पण मे महिन्यात त्यासाठी जेवढं पाणी लागतं तेवढं मी सांगणार नाही. दूर्वा उन्हाळ्यात पिवळी पडते आणि पहिल्या पावसात परत येते, ते तिला करू द्या.

करंजाच्या पानांवर फोड आलेत. फवारणी करू?

नको. ते अतिसूक्ष्म कोळ्यांमुळे येणारे फोड आहेत. झाडाला फारसा धक्का लागत नाही आणि पुढच्या पालवीत ते कमी-जास्त होत राहतात. फुलावर असताना फवारलं तर मधमाश्या मात्र मरतात.

रोपं कुठे मिळतील?

पावसाळ्याच्या सुरुवातीला वन विभाग आणि सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत देशी रोपं माफक दरात असतात. तिथे करंज, कडुनिंब, जांभूळ सहज मिळतात, पुत्रंजीव आणि खिरणी विचारून ठेवावी लागते. रस्त्याकडेच्या रोपवाटिकेत ‘अशोक’ मागितला तर उंच अशोकच पुढे करतात, म्हणून ‘सीता अशोक’ असं पूर्ण नाव घ्या आणि पान पाहा. सीता अशोकाची कोवळी पालवी तांबूस आणि मलूल लोंबलेली असते.

झाड वाढून तारेला लागलं. स्वतः फांद्या तोडल्या तर चालतं का?

तारांजवळ स्वतः हात घालू नका, वीज कंपनीला कळवा. झाड तोडायचं तर आपल्याच अंगणातलं असलं तरी महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. २०२१च्या सुधारणेनंतर पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षं वयाच्या झाडांना पुरातन वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे. मोठ्या फांद्या छाटायच्या असतील तरी आधी उद्यान विभागात अर्ज द्या, आणि काम पावसाळ्याआधी नव्हे तर थंडीत करून घ्या. एप्रिल-मेमध्ये छाटलं की ज्या दोन महिन्यांसाठी झाड लावलं, त्याच दोन महिन्यांत सावली जाते.